पाच फुटी शहाणपण

शहादा तालुक्यात पपई कोण लावत नाही? एकाच्या शेतात तैवान ७८६ चं रोप दिसलं की शेजाऱ्याच्या पोटात दुखतं आणि पुढच्या हंगामात तेच रोप त्याच्याही शेतात दिसतं. आमच्या म्हसावदची अडचण एवढीच की उत्तरेला सातपुडा आहे. त्यामुळे पपई पाहायला व्यापाऱ्याच्या आधी रानडुक्कर येतं. डुकराने न पाडलेल्या झाडाचा शेंडा नीलगाय खुडते, तिच्यातून वाचलेलं शेळ्या बघतात. या तिघांच्या तावडीतून सुटलेला माल माझा, आणि तो व्यापारी 'सर, हलका आहे' म्हणत भाव पाडून नेतो.

निवृत्तीची रक्कम हातात आली तेव्हा मुलगा म्हणाला, ठेव ठेवा. बायको म्हणाली, स्वयंपाकघराच्या फरशा बदला. मी कुंपण घालायचं ठरवलं. उभं आयुष्य विज्ञान-गणित शिकवलेल्या माणसाला कुंपण हा काही अवघड प्रश्न नाही, असं मला वाटलं. शिवाय गावातले निम्मे शेतकरी माझेच विद्यार्थी. त्यांनी जे काटेरी तार ओढून भागवलं होतं, ते सरांनी शास्त्रशुद्ध करून दाखवायला हवं होतं.

शहाद्याला दुकानात जाताना मी खिशात व्हर्निअर कॅलिपर घेऊन गेलो. दुकानदाराने पुढ्यात तीन नमुने टाकले: काटेरी तार, चेन लिंकची जाळी आणि वेल्डमेश. काटेरी तार मी एका वाक्यात निकालात काढली. अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते गुरं अडवायला. डुक्कर तारेखालून निघून जातं. चेन लिंक म्हणजे एकात एक गुंतवलेल्या नागमोडी तारा. एक तार तुटली की ती फिरवून काढता येते आणि जाळीचे दोन तुकडे होतात. चोराची सोयच! वेल्डमेशमध्ये मात्र उभी आणि आडवी तार जिथे भेटते तिथे दाब देऊन वीज सोडतात, सांध्याला रोध जास्त म्हणून तिथेच उष्णता होते आणि दोन्ही तारा एकजीव होतात. जूलचा नियम! हे मी दुकानदाराला समजावून सांगितलं. तो माझा विद्यार्थी नव्हता, तरी त्याने ऐकून घेतलं. गिऱ्हाईक पैसे रोख देणार असलं की दुकानदारांचा विज्ञानावर विश्वास बसतो.

मग गेज. इथे भलेभले फसतात, कारण आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १४ गेज म्हणजे २.०३. मी प्रत्येक नमुना कॅलिपरमध्ये धरून मोजला. शेजारी खिळे घ्यायला आलेला एक माणूस माझ्याकडे सरकारी तपासणीस समजून अदबीने बघू लागला, ते मी नाकारलं नाही. १० गेज, तीन इंची चौकोन, पाच फूट उंची. मालावर गॅल्वनाइजचा मुलामा आधी की वेल्डिंग आधी, एवढा एकच प्रश्न विचारायचा राहिला. खरं म्हणजे राहिला नाही. वेल्डिंगनंतर जस्तात बुडवलेली जाळी महाग होती, म्हणून मी तो विषय काढला नाही. मुलामा दिलेल्या तारांना नंतर वेल्डिंग केलं तर सांध्यावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पहिला पाऊस पडून गेल्यावर माझ्या जाळीच्या सांध्यासांध्यावर हळदीकुंकवाला आल्यासारखा एकेक लाल ठिपका उमटला.

जाळी किती लागेल याचा हिशोब मी घरीच केला होता. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. वर्गमूळ काढलं, चारने गुणलं, ८३५ फूट. कागदावर हे उत्तर बरोबरच आहे, पूर्ण गुण. फक्त माझं शेत चौरस नाही. वाटणीत प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं होतं, म्हणून सगळ्यांच्या वाट्याला लांबच लांब पट्टे आले. माझा शंभर फूट रुंद आणि साधारण ४३५ फूट लांब. क्षेत्रफळ तेवढंच, परिमिती १,०७१ फूट. हा धडा मी नववीला दरवर्षी शिकवत असे. 'क्षेत्रफळ सारखं म्हणून परिमिती सारखी असं नाही' हे ज्यांना तेव्हा कळलं नव्हतं, त्यांतलाच एक आता फॅब्रिकेशन करतो आणि माझे खांब तोच रोवत होता. जाळी संपली तेव्हा तो काहीच बोलला नाही. सर लाजू नयेत म्हणून त्याने पाठ फिरवली, पण खांदे हलताना दिसत होते. उरलेली जाळी दुसऱ्या खेपेला आणली, तोवर दरही वाढला होता आणि टेम्पोचं भाडंही.

आमच्या सालदाराने या सगळ्या कामात दोनच प्रश्न विचारले. आखाजीपासून आखाजीपर्यंत तो शेतात राहतो, मी सकाळी चहा घेऊन जातो, हा फरक मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नव्हता. पहिला प्रश्न: "सर, नाल्याचं काय?" दुसरा: "सर, गाडी कुठून येईल?"

शेताच्या उत्तर टोकाला नाल्याचा उतार आहे. चेन लिंक उताराबरोबर वाकते, ताणली की जमिनीला धरून बसते. वेल्डमेश ताठ. उतारावर ती तिरकी बसत नाही, तुकडे पाडून पायऱ्या-पायऱ्यांनी लावावी लागते आणि प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट उरते. मी त्या काटकोन त्रिकोणांकडे पाहिलं आणि म्हणालो, "दगड लावून टाक." आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, दगडांना एका जागी राहू देत नाही. खांबांनाही नाही, होळीपर्यंत अर्धे खांब मान कलती करून उभे होते.

गेट मात्र मी आवडीने करवून घेतलं. चार फुटी, वर नक्षी. माणूस आत जाईल, सायकल जाईल, मी तर अगदी ऐटीत जाईन. ट्रॅक्टर आणि पपई भरायला येणारी पिकअप यांचा विचार नक्षी ठरवताना सुचला नाही. तोडणीच्या वेळी मजुरांनी क्रेट डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत वाहिले, व्यापाऱ्याने ती मजुरी माझ्या भावातून कापली, आणि पपया रद्दीत गुंडाळणारा पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "जाळी मस्त आहे, सर." 'कुंपणच शेत खातं' ही म्हण त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येकाने मला ऐकवली, आणि प्रत्येकाने ती स्वतःला आत्ताच सुचल्यासारखी.

एकाने तर जाळीत रात्री लाइन सोडण्याचा सल्ला दिला. याबाबतीत तरी मी शहाणा निघालो. थेट वीज सोडली की जनावराआधी माणूस मरतो, पाणी द्यायला रात्री उठलेला बहुधा आपलाच. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा बडगा वेगळा. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, ती गोष्ट निराळी.

मग एका पहाटे डुक्कर आत आलं. अर्थात नाल्याच्या त्रिकोणातून. सालदाराचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "हाकलून दे." तो म्हणाला, "जात नाहीये. जाळी चांगली आहे."

मी पोहोचेपर्यंत अर्धं गाव जमलं होतं. डुक्कर कुंपणाच्या कडेने धावत होतं आणि वाटेत येणारी पपई आडवी करत होतं. पपईचं खोड आत पोकळ, धक्क्याला टिकतच नाही. मध्येच ते जाळीवर आदळे. तेव्हा सांधे टक् टक् करत सुटत, जाळीला पोट येई, पण ती तुटत नसे. एवढ्या गोंधळातही मला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. १० गेज!

"हाऊ ते कोंडवाडा व्हयना, सर!" कोणीतरी ओरडलं. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा आहे, दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं त्यात कोंडायची आणि मालकाकडून दंड घ्यायचा. या डुकराचा मालक कोण, यावर बांधावर चर्चा रंगली. बहुमत माझ्या बाजूने पडलं.

वनरक्षक आला. त्याने शेताकडे नाही, गर्दीकडे पाहिलं. सगळं गाव नाल्याच्या टोकाला उभं होतं, कारण सावली तिथे होती आणि दिसतही तिथून छान होतं. म्हणजे जनावराची एकमेव वाट आम्ही अडवून धरली होती. पण तोवर मी फॅब्रिकेशनवाल्या विद्यार्थ्याला कटर घेऊन बोलावलं होतं आणि दक्षिण टोकाला रस्त्याच्या बाजूची आठ फूट जाळी कापायला लावली होती. कापल्यावर बाकीची जाळी जराही उसवली नाही. वेल्डमेशचा हा गुण मी जमलेल्यांना तिथेच समजावून सांगितला. वनरक्षकाने हात जोडून सगळ्यांना घरी पाठवलं, मलाही. अंधार पडल्यावर डुक्कर मी केलेल्या खिडकीकडे ढुंकूनही न बघता आल्या वाटेने, त्रिकोणातून, निघून गेलं.

आता त्या आठ फुटी भगदाडातून पिकअप थेट आत येते. नक्षीचं गेट बंदच असतं. नीलगायीचं म्हणाल तर पाच फूट तिला काहीच नाहीत. ती उडी मारून येते, उडी मारून जाते, जाळीला स्पर्शही करत नाही. शेळ्या मात्र, जिथे जाळी शाबूत आहे तिथे, खरोखर थांबल्या. चेन लिंक असती तर त्या पाय लावून ती दाबत-दाबत आल्या असत्या.

नाल्याची बाजू काढून तिथे चेन लिंक लावायची, खालची कड फूटभर मातीत पुरायची, असं मी ठरवलं आणि त्याला पहिला विरोध झाला तो बांधावरच्या शेजारीण वहिनींचा. त्यांनी वर्षभरात माझ्या जाळीवर त्यांच्या बाजूने कारली, गिलकी आणि वालाच्या शेंगा चढवल्या आहेत. तीन इंची चौकोनातून हात घालून त्या शेंगा माझ्या बाजूच्याही तोडतात. "चेन लिंकला वेलाच्या ओझ्याने झोळ पडतो हो, सर," त्या म्हणाल्या. "हीच राहू द्या. मी दोडक्याचं बी आणून ठेवलंय."