इमेजवाला

आमच्या ऑफिसातला सिस्टमवाला बहुतेकांनी पायाकडूनच पाहिलेला आहे, कारण त्याचा उरलेला भाग टेबलाखाली असतो. बाहेर आला की गळ्यात आयकार्डाऐवजी पेनड्राइव्ह, खिशात क्रिम्पिंग टूल आणि खांद्यावर निळ्या केबलचं वेटोळं, शंकराच्या नागासारखं.

"फॉरमॅट मारू का?" हा त्याचा कुठल्याही दुखण्यावरचा काढा. प्रिंटर रुसला, फॉरमॅट. एक्सेल अडकलं, फॉरमॅट. एकदा ट्यूबलाइट लुकलुकत होती, तेव्हाही ओठांवर आलेलं वाक्य त्याने गिळल्याचं मी पाहिलंय.

पूर्वी तो डिस्कची प्रत उतरवणाऱ्या घोस्टची सीडी घेऊन एकेका मशिनपाशी बसायचा. नव्वदच्या दशकात न्यूझीलंडात जन्मलेल्या त्या भुताने याच्या तरुणपणाचे बरेच शनिवार खाल्ले. आता तसं बसावं लागत नाही. सर्व्हर रूममध्ये टॉवेल पांघरलेलं एक मास्टर मशीन आहे, वर चिठ्ठी : 'हात लावू नये. मी सोडून.' त्यावर विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस, प्रिंटरचे ड्रायव्हर असं सगळं चढवायचं, मग सिस्प्रेप चालवून मशीनला संन्यास द्यायचा, म्हणजे त्याचं नाव-गाव पुसून टाकायचं. नाहीतर चाळीसच्या चाळीस मशिनं आपण तेच एक असल्याचा दावा करतात. या संन्यस्त अवस्थेत घेतलेली प्रत म्हणजे 'इमेज'. ऑफिसात स्वतःची इमेज जपणारे पुष्कळ आहेत. एकच इमेज सगळ्यांना वाटणारा हा एकटा.

वाटपाचा दिवस शनिवार. प्रत्येक मशीन चालू करून एफ-१२ दाबत जायचं. मशीन नेटवर्कवर आधी आपला पत्ता विचारतं, मग बूट फाइल मागतं. ती येते टीएफटीपीने, म्हणजे मुळात ५१२ बाइटची एकेक पुडी, आणि आधीच्या पुडीची पोच मिळाल्याशिवाय पुढची नाही. हा नियम आमच्या आवक-जावक विभागातूनच उचलला असावा. नंतरची मोठी इमेज मात्र तो मल्टिकास्टने सोडतो. "पंगत असते साहेब. सगळे बसले की एकदाच वाढायचं. उशिरा येणारा पुढच्या पंगतीला." फक्त पंगतीत एखादं आजारी मशीन असलं की त्याच्या घासासाठी बाकी सगळी तोंड उघडी टाकून थांबतात. ते मशीन नेहमी मॅनेजरसाहेबांचं असतं.

एररचे आकडे तो ज्योतिषासारखे वाचतो. "ई-६१ आलाय? केबल बघा. ई-५३? सर्व्हरने फाइलचं नावच सांगितलं नाही, माझ्याकडे लागलं." १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली, तेव्हा पुढच्या विंडोजला लागणारं टीपीएम २.० नसलेल्या मशिनांची त्याने वेगळी यादी केली आणि तिला 'व्हीआरएस' असं नाव दिलं.

खरी कसोटी सोमवारी. अकाउंट्सच्या बाई मशीन लावतात आणि किंकाळी फुटते. डेस्कटॉपवरचे भाच्याच्या मुंजीचे फोटो गेले, वॉलपेपरवरचा गणपती गेला. जुने फॉन्ट इमेजमध्ये नाहीत, त्यामुळे नेटवर्कवर ठेवलेली दहा वर्षांची मराठी पत्रं उघडली की रोमन अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा चिवडा दिसतो.

"अहो, माझं सगळं गेलं!"

"बाई, सी ड्राइव्ह कंपनीचा, डी ड्राइव्ह तुमचा. किती वेळा सांगितलं? जपायचं ते डी-त ठेवा."

फॉन्ट तो दुपारपर्यंत टाकून देतो. फोटोंच्या बाबतीत मात्र त्याचा चेहरा स्मशानातल्या भटजीसारखा कोरा.

मागच्या वाटपात मात्र आक्रीत घडलं. सोमवारी चाळीसही मशिनांच्या डेस्कटॉपवर एक नवीन फाइल : 'बायोडेटा फायनल फायनल'. घरून आईचा तगादा होता, म्हणून यानेच मास्टरवर बसून टाइप केलेली. सिस्प्रेपने मशीनची ओळख पुसली, मालकाची तशीच ठेवली. रास, गोत्र, उंची, 'स्वतःचा टू-बीएचके (लोन चालू)', आणि शेवटी 'अपेक्षा : समजूतदार, जुळवून घेणारी.'

"जुळवून घेणारी!" बाई म्हणाल्या. "हा स्वतः माझ्या गणपतीशी जुळवून घेत नाही."

चहापर्यंत डिस्पॅचने उंचीवर शंका काढली होती आणि मॅनेजरसाहेबांनी शुद्धलेखन तपासून पाठवलं होतं. फाइल नुसती पुसून भागलं असतं. पण याला लाज इतकी अनावर झाली, की त्याने रातोरात मास्टर धुतलं, नवी इमेज काढली आणि मंगळवारी सकाळी, शनिवार नसताना, पुन्हा पंगत बसवली. चाळीस सी ड्राइव्ह लख्ख.

आठवड्याने बाई त्याच्या टेबलाशी आल्या. सांगलीच्या नणंदेची मुलगी आहे, पत्रिका जुळतेय, रविवारी या म्हणाल्या.

तो टेबलाखालून बाहेर आला. "पण बायोडेटा... मी तर सगळीकडचा उडवला होता."

"सीमधला उडवलात," बाई म्हणाल्या. "मी डी-त ठेवला होता."