मांडवाविना आवतण

‘अलिबागसे आया है क्या’ हे वाक्य ज्यानं काढलं, त्यानं अलिबागला पुण्याहून कोण येतं ते पाहिलेलं नसावं. मी आलो होतो. गाठीला संगीत विशारद, हातात पेटी आणि डोक्यात कुमार गंधर्व. कुमारांनी देवासला राहून माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग काढले. मग रायगडच्या किनाऱ्यावरच्या संगीतशिक्षकानं निदान एक काढायला काय हरकत? नावही ठरवलं होतं, ‘अष्टागरी’. राग तेवढा सापडायचा होता.

इथल्या बेने इस्रायल मंडळींनी एकोणिसाव्या शतकात जुन्या करारातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, हे मी वर्गात एवढ्या उत्साहानं सांगायचो, की समोरच्या पोरींच्या घरी काय गातात हे विचारायला तास पुरायचा नाही.

पोरी बहुतेक आगऱ्यांच्या. त्यांच्या लग्नात धवलारीण असते. ती धवले गाऊन विधी पार पाडते. पूर्वी तर भटजीचं कामही तीच करी. दिवाळीच्या सुट्टीत मी अशाच एका आजींच्या ओटीवर जाऊन धडकलो. त्या सुकट निवडत होत्या.

“आजी, एखादा धवला म्हणा की.”

“आता? हलद कुनाची हाय?”

कुणाची नाही, मला शिकायचाय, असं मी म्हटल्यावर त्यांनी पुन्हा सुकटीत बोटं घातली. मी वहीत नोंद केली : गायिकेला संकोच.

या संकोचावर इलाज त्यांच्या नातीच्या मोबाइलमध्ये निघाला. कुठल्याशा लग्नातलं ध्वनिमुद्रण. आठ दिवस कानाला लावून नोटेशन केलं. आजींचा गंधार पेटीच्या काळी-पांढरीच्या फटीत कुठं तरी राहत होता. श्रुतींच्या असल्याच भांडणात आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं, हे मी पोरींना सांगायचो, पेटी वाजवतच. तेव्हा गंधार मी पांढरीत आणून बसवला. ओळी कधी नऊ मात्रांच्या, कधी अकराच्या. त्यांना ठोकून-ठाकून केरव्याच्या आठांत कोंबलं. भातखंडे असते तर पाठ थोपटली असती, असं तेव्हा वाटलं.

स्नेहसंमेलनात नऊवारीतल्या चोवीस पोरी उभ्या राहिल्या. पहिल्या दोन ओळी अगदी तालात. तिसरीला प्रेक्षकांतल्या एका म्हातारीनं सूर लावला, तिच्या चालीत, तिच्या सवडीनं. मग तिच्या शेजारणीनं. मग अख्ख्या रांगेनं. मी पेटीवरून डोळे वटारले, पण पोरी माझ्याकडे बघतच नव्हत्या. प्रत्येकीनं आपापली आजी गाठली होती. तबलजी तीनदा सम शोधायला गेला आणि शेवटी रुमाल काढून हात पुसत बसला.

गाणं संपेचना. माझ्या वहीत ते सोळा ओळींचं होतं. इथं कनकेश्वर झाला, चौलचा रामेश्वर झाला, शितळादेवी झाली, तेवढ्यात कुणाला तरी घाट चढून कार्ल्याची एकवीरा आठवली. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचा कागद दोनदा उघडला आणि दोनदा घडी करून ठेवला.

पडदा पडला आणि ओटीवरच्या आजी थेट रंगमंचावर आल्या. त्यांच्या बोलीत अहो-जाहोचा कारभार नव्हता.

“मास्तर, सगल्या देवांना आवतन दिलंस. मांडव कुठं हाय? नवरी कंची?”

मी म्हटलं, “आजी, हे फक्त गाणं...”

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. “पुन्याशी आयलास काय?”

मग मुख्याध्यापकांच्या खोलीतून हळद-कुंकू आलं. पेटीला चारही कोपऱ्यांना लागलं. भात्यावर पडलेली हळद अजून निघालेली नाही. नारळ फुटला, आल्या देवांची क्षमा मागून झाली, आजी आधी हळू आणि मग स्पष्ट गायल्या. गंधार फटीतच होता. हे सगळं मी शेंडीचा दुसरा नारळ दोन्ही हातांत धरून ऐकलं.

निघताना त्या थांबल्या. धवलारणीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, हे एव्हाना मलाही कळलं होतं. समोर टेबलावर शाल आणि श्रीफळ तयार होतं. ते मी आजींना दिलं. प्रमुख पाहुण्यांना गुलाबाच्या फुलावर भागवलं.