थोपटमावशी

तुम्ही तिला ओळखता. लग्नाच्या हॉलमध्ये नवरीच्या खोलीतून जी सगळ्यांना बाहेर काढते आणि स्वतः मात्र कधीच बाहेर जात नाही, ती. हातात स्टीलची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात गुलाबी स्पंज, खांद्यावर नॅपकिन. तिला कुणी बोलावलेलं नसतं. पार्लरवाली मुलगी चांगले घसघशीत पैसे ठरवून आलेली असते, तिने आपली पेटीही उघडलेली असते. ही तिच्या मागे उभी राहते, दोन मिनिटं गप्प बसायचा प्रामाणिक प्रयत्न करते आणि मग म्हणते, "घासू नको गं. थोपट."

आमच्या घरात तिला थोपटमावशी म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर बोलायची सोयच नसते, कारण आपण तोंड हलवलं की फाउंडेशनला रेघ पडते.

मावशी बोलताना आपल्या डोळ्यांत बघत नाही. नाकपुडीच्या कडेला, भुवयांच्या मध्ये, हनुवटीच्या खाली, जिथे कातडी सुटायची शक्यता असेल तिथे तिची नजर लागलेली असते. "कशी आहेस?" हे ती मला विचारत नाही, माझ्या गालांना विचारते. आणि नाशिकच्या थंडीत माझे गाल उत्तर देण्याच्या परिस्थितीत नसतात. निफाडचा पारा पेपरात झळकला की माझे ओठ उलतात, नाकाशेजारी पापुद्रे धरतात. नेमक्या त्याच सुमारास तुळशीचं लग्न लागतं आणि माणसांच्या लग्नांना परवानगी मिळते. म्हणजे एरवी वर्षभर जिची पावडरशीही ओळख नसते अशी बाई ऐन कोरड्या हवेत तोंडावर बाटलीतलं फाउंडेशन ओढते, वर दाबून पावडर मारते आणि पंगतीपर्यंत तिच्या गालांवर गोदावरीचं खोरं उपनद्यांसकट उमटतं.

"फाउंडेशन वाईट नसतं," मावशी म्हणते. "तुमची घाई वाईट असते."

तिचं शास्त्र तसं सोपं आहे आणि छळ त्या सोपेपणातच आहे. कातडी कोरडी असली की वरचे मेलेले पापुद्रे जागच्या जागी अडकून राहतात. त्यांच्यावर फाउंडेशन घासलं की ते उभे राहतात आणि रंग नेमका त्यांच्या कडांना जाऊन बसतो. म्हणून कोमट पाण्याने तोंड धुवायचं, टॉवेलने रगडायचं नाही, तोंड ओलसर असतानाच क्रीम लावायचं. त्यानंतर मावशीच्या धर्मातलं सगळ्यात मोठं व्रत: थांबायचं. क्रीम मुरेपर्यंत थांबायचं. पाच मिनिटं, थंडी जास्त असेल तर दहा. मग मटाराच्या दाण्याएवढं फाउंडेशन हाताच्या पाठीवर घ्यायचं, ओला करून घट्ट पिळलेला स्पंज त्यात टेकवायचा आणि नाकापासून बाहेर बाहेर जात थोपटायचं. पावडर कपाळाला आणि नाकाला, तीही नावापुरती. गालांना अजिबात नाही. "पावडर म्हणजे कोरड्या कातडीची सवत," असं ती स्नो लावून वर पावडर फासण्यात हयात घालवलेल्या माझ्या आजीसमोर म्हणाली होती. आजी पुढे बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हती.

थांबायच्या या व्रतापायी माझ्या मामेबहिणीचं लग्न जवळजवळ टळलं होतं. आदल्या दिवशीची हळद उतरवताना बायकांनी तिला बेसन लावून इतकं रगडलं की तिची कातडी पार ताणल्यासारखी झाली, त्यात भर म्हणून कोणीतरी गिझरचं कडकडीत पाणी ओतलं. सकाळी मावशीने तो चेहरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. क्रीमचा एक थर झाला, तो कातडीने पिऊन टाकला. दुसरा झाला. बाहेर अंतरपाट धरलेला, नवरदेव पाटावर उभा, अक्षता हाताच्या घामाने भिजलेल्या. माइकवरून गुरुजी सांगताहेत, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." दार वाजलं. मावशीने फटीतून फक्त नाक बाहेर काढलं आणि म्हणाली, "मामांना म्हणावं, टेका जरा. क्रीम मुरतंय."

"अहो, मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्ताला कातडी नसते."

मुहूर्त टळला नाही. पण त्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत मामांचा चेहरा रडवेला आहे आणि तो भाचीच्या विरहाने नाही.

बाटल्यांच्या बाबतीत तर ती भटजीच आहे. पर्समधून भिंग काढते आणि मागची बारीक अक्षरं वाचते. क्रीम पाण्याच्या जातीचं का सिलिकॉनच्या, प्रायमर कुठल्या कुळातला, फाउंडेशन कुणाच्या नात्यातलं. दोन जाती एकावर एक आल्या की रबराने खोडल्यावर निघतात तशा बारीक वळ्या चेहऱ्यावर सुटू शकतात, हे खरंच आहे, मी अनुभवलंय. पण मावशी हे सांगते ते अशा आवाजात की पत्रिकेत मंगळ सापडलाय. लग्नात सगोत्र चालत नाही. मावशीच्या वाटीपाशी सगोत्रच लागतं. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात '१२ एम' असं असेल तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती संपवायची असते, हेही मला तिनेच शिकवलं. शिकवून झाल्यावर तिने माझी पाच वर्षं जपलेली बाटली माझ्यादेखत कचऱ्यात टाकली. बाटलीवर तरी ती कशाला दया दाखवेल?

इथवर ठीक होतं. पण थोपटणं चेहऱ्यापुरतं राहिलं नाही.

घराला रंग काढला तेव्हा तिने रंगाऱ्याला दिवसभर शिडीवरून उतरू दिलं नाही. "आधी प्रायमर लावला का? वाळला का? हात लावून बघ. घासतोयस काय असा?" तो बिचारा म्हणाला, "मावशी, भिंत आहे ही." त्यावर ती म्हणाली, "मग काय झालं? कोरडी आहे ना?" काकांच्या टकलावर रोज सकाळी सनस्क्रीन थोपटलं जातं, तेव्हा काका पेपर वाचत असतात आणि मथळे त्या ठेक्यावर हलत असतात. टीव्हीवर अर्थसंकल्प चालू असला तरी तिला तूट दिसते ती निवेदिकेच्या जबड्याखाली. "बघ, बघ, तिथे रेघ आहे. मानेला लावलंच नाही." नातू झोपत नसेल तर त्याला अर्थात थोपटतातच, पण मावशी त्याला नाकापासून बाहेर बाहेर जात थोपटते.

कळस झाला तो शेजारच्या काकू गेल्या तेव्हा. आम्ही भेटायला गेलो होतो. सून हमसून हमसून रडत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मावशी तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला, कानाशी तोंड नेलं. मला वाटलं, चार धीराचे शब्द सांगेल. मला स्वच्छ ऐकू आलं, "पुसू नकोस गं. टिपून घे."

सूनबाई क्षणभर रडायची थांबली. मग तिने खरोखरच टिपून घेतलं.

अशा बाईचा राग येतो, आणि तो यायलाच हवा. तिच्यामुळे मी कुठल्याही समारंभाला वेळेवर पोचलेली नाही. माझ्या एकाही आनंदाच्या प्रसंगाचा फोटो असा नाही ज्याच्या आधी मी "तोंड मिटून बस" हे ऐकलं नव्हतं. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिने पहिल्यांदा बाळाचा गाल चाचपला आणि निर्णय दिला, "आईवर गेलीय. कोरडी."

तरीही एक दिवस मी तिच्या बाजूने उभी राहिले. खरं तर तिच्या मागे उभी राहिले, कारण पुढे उभं राहायची गरजच नव्हती.

नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. मुलगी सावळी, तजेलदार, मावशीच्या भाषेत 'तेल धरून असलेली'. मुलाची आई खोलीत आली. हसतमुख बाई, वाईट अजिबात नव्हती, आणि अशा वेळी वाईट नसलेली माणसंच जास्त कठीण जातात. पार्लरवालीला म्हणाली, "जरा दोन नंबर उजळ लावा हं. फोटोत बरं दिसतं." पार्लरवालीचा हात सवयीने पेटीतल्या फिक्या बाटलीकडे गेला. मुलगी खाली बघू लागली. खोलीतल्या साऱ्या बायका एकदम आपापल्या पदराच्या निऱ्या सारख्या करायला लागल्या.

हे काही त्या एका विहीणबाईंचं नव्हे. 'फेअर अँड लव्हली' आपल्याकडे १९७५ साली आली आणि तिच्या नावातून 'फेअर' जायला २०२० उजाडावं लागलं. इतकी वर्षं जे घराघरांतल्या आरशांमागे चिकटून बसलंय ते नुसती ट्यूब बदलून कसं निघेल? जगातली एक प्रसिद्ध गायिका २०१७ मध्ये एकदम चाळीस छटांचं फाउंडेशन घेऊन आली तेव्हा जगभर कौतुक झालं. आपल्या हॉलमधल्या खोल्यांत मात्र अजून एकच छटा मागितली जाते, आणि ती म्हणजे 'आहे त्यापेक्षा उजळ'.

मावशीने पडदा सरकवला. मुलीची हनुवटी दोन बोटांनी उन्हाकडे वळवली, जबड्याच्या कडेला तीन बाटल्यांचे तीन ठिपके लावले आणि जो ठिपका कातडीत दिसेनासा झाला ती बाटली उचलली. अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "चेहरा करते की उजळ. पण मान हिची हिचीच राहील. चालेल?"

विहीणबाईंना काय कळलं ते माहीत नाही. त्या "तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणून बाहेर गेल्या. मावशी पाण्यातून स्पंज काढून पिळत म्हणाली, "थांबा आता सगळ्या. क्रीम मुरू दे." त्या दिवशी कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

हे सगळं ती शिकली कुठे, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. मावश्यांना जन्मतःच येतं असं आपण धरून चालतो. तिने हौशी नाटकांत काम केलंय एवढं माहीत होतं. राज्य नाट्य स्पर्धेला नाशिकहून ज्या संस्था जात त्यांच्यापैकी एकीत ती पडद्यामागे होती. नाटकाच्या रंगभूषेतला पॅनकेक ओल्या स्पंजानेच लावतात. हॉलिवूडच्या रंगीत सिनेमासाठी मॅक्स फॅक्टरने १९३०च्या दशकात तो काढला, आणि पुढे तो आपल्या गावोगावच्या रंगपटांत नारळाच्या तेलाच्या बाटलीशेजारी जाऊन बसला. मावशीचा स्पंज, वाटी, पाणी, सगळं तिथलं आहे. बाकीचं आम्हाला कळलं ते माझ्या भाच्यामुळे, गेल्या हिवाळ्यात.

भाचा म्हणाला, "आजी, तुझा व्हिडिओ काढतो. कोरड्या कातडीवर फाउंडेशन कसं लावायचं, मराठीत. मुली भराभर बघतील." मावशीने इस्त्रीची साडी नेसली आणि मला गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसवलं. तोंड धुतलं, क्रीम लावलं आणि कॅमेऱ्याकडे बघून ती म्हणाली, "आता थांबायचं." आणि खरोखरच थांबली. भाचा खुणा करतोय, आजी, काहीतरी बोल. ती बोलायला लागली.

ऐंशीच्या दशकात ती मुंबईला गेली होती, सिनेमात रंगभूषा करायला. सोबत तिचा थोरला भाऊ आणि नाटकांतल्या कामाचे फोटो. एका स्टुडिओत फोटो पाहून सगळ्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "केस करता येतात का?" कारण धंद्यातल्या संघटनेचा शिरस्ताच तसा होता. चेहरा पुरुषांनी रंगवायचा, बायकांनी केस बांधायचे. रंगभूषेचं कार्ड बाईला मिळत नसे, आणि कार्डाशिवाय सेटवर काम नाही. "मी म्हटलं, केस मला माझेसुद्धा नीट येत नाहीत," मावशी कॅमेऱ्याला सांगत होती. "संध्याकाळच्या गाडीने परत आलो. दादाने इगतपुरीला वडा खाऊ घातला." चारू खुराना नावाची एक रंगभूषाकार याविरुद्ध कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला, हेही मावशीला ठाऊक होतं. पेपरातलं कात्रण काकांनी कापून ठेवलंय म्हणे. "तेव्हा मी आजी झालेली होते. आणि समजा तेव्हा कार्ड मिळालं असतं, तर हिरॉइनला सांगितलं असतं ना मी, की बाई, आधी..."

इथे तिने बोटाची पाठ माझ्या गालाला टेकवली. "हं. मुरलं. आता थोपटायचं." आणि मुंबईचं वाक्य तिथेच सोडून ती नाकापासून बाहेर बाहेर जात कामाला लागली. मी तोंड मिटून बसले होते, त्यामुळे काही विचारायची सोय नव्हती.

भाच्याने व्हिडिओ दाखवला तेव्हा ती म्हणाली, "ते मुंबईचं काढ. कामाचं नाही ते."

"मग थांबायचा सगळा भाग कापतो, आजी."

"खबरदार. थांबायचं कापलंस तर बायका थांबतील का?"

शेवटी त्याने मधला मार्ग काढला, नुसता आवाज बंद केला. त्यामुळे आता त्या व्हिडिओत चांगली पाच मिनिटं मावशी हातवारे करत मन लावून बोलतेय, एकदा हसतेय, एकदा छताकडे बघतेय, आणि ऐकू काहीच येत नाही. पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारलंय, "ताई, मध्ये आवाज का येत नाही?"

मावशीने स्वतः टाइप करून उत्तर दिलंय, "क्रीम मुरतंय."