कर्ता पुरुष

आमच्या घरातला सर्वांत जबाबदार माणूस 1983 साली वारला. घरपट्टी आजोबांच्या नावाने, नळाचं बिल आजोबांच्या नावाने, विजेचं बिलही त्यांच्याच नावाने, आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदार तेच. मी फक्त पैसे भरतो. जबाबदार नागरिक व्हा, असं मला येता-जाता सांगण्यात येतं. झालो असतो, पण जागा रिकामी नाही.

पेडणे तालुक्यात ही काही अपूर्वाई नव्हे. सत्तरच्या दशकात जमिनीची मोजणी झाली, तेव्हा ज्या घरात जो म्हातारा सोप्यावर बसलेला सापडला त्याचं नाव उताऱ्यावर चढलं. ते उतरवण्याचं काम पुढच्या पिढीचं होतं. पुढची पिढी म्हणाली, बघू. मग तीही एकेक करून वारू लागली, आणि आमच्या वाड्यावरचे बरेचसे मीटर आता स्वर्गातून चालतात.

मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला कोणी काही विचारत नाही. जिवंतांची मात्र चौकशी चालू असते. आमची आई ऐंशी पार केलेली. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे चालू राहावेत म्हणून ती वर्षाकाठी गुडघे धरत, रिक्षा करून, आपण हयात असल्याचा दाखला द्यायला जाते. खिडकीतला माणूस तिच्याकडे बघतो, ती त्याच्याकडे बघते, तरी कागद लागतोच. बायकोला गृह आधार योजनेचे 1500 रुपये मिळतात, तिचीही तीच कथा. पोराला कॉलेजसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला हवा होता. त्यासाठी पुरावा म्हणून आम्ही काय जोडलं? आजोबांच्या नावचं विजेचं बिल. पोराने हे कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, घरमालक.

बायको डिचोली तालुक्यातली, मयेची. माझी कटकट ऐकून तिला हसू येतं, कारण तिच्याकडे अख्ख्या गावाचाच कर्ता परागंदा. मयेची जमीन पोर्तुगीज अमदानीतल्या कोंदाची, म्हणजे सरदाराची. 1961 साली गोवा मुक्त झाला, मालक पोर्तुगालात राहिले आणि 1964 च्या कायद्याने मालमत्ता कस्टोडियनच्या हाती गेली. कायद्याच्या भाषेत गेलेला तो निर्वासित, आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहणारा, कसणारा तो नुसता राहणारा. घराला हात लावायचा तर गावात नसलेल्या माणसाच्या वतीने बसलेल्या साहेबाची परवानगी. शेवटी 2014 साली विधानसभेने कायदा करून ती जुनी मालकी मोडीत काढली आणि पुढे सनदा द्यायला सुरुवात झाली. मुक्तीनंतर अर्धशतक उलटल्यावर मयेकरांना सरकारने कळवलं की ते आपल्या घरात राहतात. "तुमचे आजोबा निदान गावच्या स्मशानात तरी आहेत," बायको म्हणते, "आमच्या मालकाला शोधायला लिस्बनला जावं लागलं असतं." तिच्यापुढे माझं दुःख चिल्लर ठरतं, आणि घरात वाद हरण्याची ही माझी नेहमीची पद्धत.

इकडे आमच्या पेडण्यात, मध्येच दोडामार्गाकडे तिळारीचा कालवा फुटतो आणि नळ सुकतो. 2023 साली मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून डोक्यावरून विमानं मात्र नियमित जातात. पाण्याची तक्रार करावी तर ग्राहक कोण, असा प्रश्न येतो. ग्राहकाने स्वतः यावं म्हणतात.

तर मग नाव का बदलत नाही? सांगतो. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून नवराबायकोची मालमत्ता सामाईक. वारसाहक्काचा नवा कायदा 2012 साली झाला, 2016 मध्ये लागू झाला, पण त्यानेही हे सूत्र सोडलं नाही. म्हणजे आजोबांच्या सहा मुलांच्या सह्या, त्यांच्या जोडीदारांच्या सह्या, जे वारले त्यांच्या मुलांच्या, आणि त्या मुलांच्या जोडीदारांच्याही. एक आत्या सावंतवाडीला. तीन भावंडं मुंबईत. एक चुलतभाऊ इंग्लंडात स्विंडनला. त्याने पोर्तुगीज पासपोर्टसाठी आपल्या बापाचा जन्म लिस्बनला नोंदवून घेतला, आजोबांचा मृत्यू उताऱ्यावर नोंदवायला मात्र त्याला सुट्टी मिळत नाही. एका भाच्याचा घटस्फोट चाललाय. त्याची बायको सही करायला तयार आहे, पण आधी त्याने करावी म्हणते.

हे सगळे एका छपराखाली येतात ते फक्त चवथीला. आणि चवथीला नोटरी बंद, पंचायत बंद, सायब सुट्टीवर. कचेऱ्या उघडतात त्या सकाळी मंडळी पेडणे स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट बघत असतात.

यंदा मी हुशारी केली. मुखत्यारपत्रांचा मसुदा आधीच वकिलाकडून करून आणला. दुपारची आरती आटपली, पातोळ्या झाल्या, सगळे पोटावर हात ठेवून प्रसन्न बसले होते. स्विंडनवाल्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. मी फाइल उघडली, पेन काढलं.

काकीने चष्मा लावला, पहिलं पान उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "घर विकतंस काय रे?"

पेन खाली. स्विंडनचं नेटवर्क तत्काळ गेलं. सावंतवाडीच्या आत्याला संध्याकाळच्या एसटीची आठवण झाली. कोणी घुमट आणायला उठलं. शेवटी थोरल्या काकांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या चवथीला बघूया," ते म्हणाले, "तोवर बिलं तूच भर. पावती मात्र बाबांच्याच नावाने घे हां."