शेवटच्या तीन आठवड्यांत फिनलंडतज्ज्ञ कसं व्हावं

अभिनंदन! एक्स्चेंजचं सत्र संपायला तीन आठवडे उरलेत. कल्याणहून निघताना तुम्ही स्टेटसला टाकलं होतं की एका नव्या संस्कृतीत मिसळायला चाललो आहे. प्रत्यक्षात ऑगस्टपासून आजवर तुम्हाला खात्रीने समजलेल्या गोष्टी दोनच. मुदत संपत आलेल्या मालावर रात्री कोणत्या दुकानात साठ टक्के सूट मिळते ही एक, आणि फोडणीत मोहरी पडल्यावर कॉमन किचनमधला धुराचा अलार्म किती वेळात बोंबलतो ही दुसरी.

खचून जाऊ नका. तुमच्या आधी गेलेल्यांचंही हेच झालं होतं, आणि आज ते सगळे फिनलंडवर अधिकारवाणीने बोलतात. अनुभव घ्यायला चार महिने पुरत नाहीत. अनुभवाचा पुरावा मात्र तीन आठवड्यांत जमतो. पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा.

१. एक फिन माणूस मिळवा

तुमच्या मित्रमंडळात सध्या तीन स्पॅनिश, दोन जर्मन, एक इटालियन आणि शेजारच्या खोलीतला वारंगळचा मुलगा आहे. म्हणजे फिनलंडमध्ये राहून तुम्ही मुख्यतः स्पेन पाहिलात. हरकत नाही, पण घरी दाखवायला एक तरी फिन लागतो. सगळ्यांत सोयीचा फिन म्हणजे तुमचा ट्यूटर, पहिल्या दिवशी खोलीची किल्ली घेऊन स्टेशनवर उभा असलेला तो विद्यार्थी. त्यानंतर तुम्ही त्याला गाठलं नाहीत. त्यानेही तुम्हाला गाठलं नाही. हा त्याचा सभ्यपणा समजा.

त्याला कॉफीला बोलवा. दरडोई कॉफी पिण्यात हा देश जगात पहिल्या रांगेत बसतो, त्यामुळे नकार येणार नाही. तो ठरल्या मिनिटाला येईल, म्हणून 'पाच मिनिटांत पोचतो' हा मेसेज आंघोळीला जाण्यापूर्वी पाठवू नका. 'कसा आहेस?' असं सहज विचारू नका. तो विचार करून खरं उत्तर देईल. मध्येच सगळं शांत झालं तर ती शांतता भरायला धावू नका. कल्याणहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला अनोळखी माणूस डोंबिवली यायच्या आत तुमचा पगार विचारतो. हा ट्यूटर तुमचं आडनाव दुसऱ्या सत्रात विचारेल, आणि तेव्हा तुम्ही कल्याणात असाल.

दोघांचा एक फोटो काढा. तो हसला नाही तरी चालेल, ओळखीचे फिन असेच दिसतात.

२. सौनात जाऊन आल्यासारखं दिसा

देशाची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आणि सौना तीस लाखांच्या घरात. २०२० साली युनेस्कोने फिनलंडची सौना संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तुमच्या इमारतीतही तळाला एक आहे. तुम्ही मात्र 'कपडे काढून बसावं लागतं' या एका वाक्यावर चार महिने काढलेत.

आता जाच. ताम्पेरेत असाल तर १९०६ सालापासून चालू असलेल्या राजापोर्त्ती या सार्वजनिक सौनात जा, म्हणजे इतिहासही पदरात पडेल. नवशिक्यांनी खालच्या फळीवर बसावं. वरच्या फळीवर गरम वाफ आणि अनुभवी आजोबा असतात. तापलेल्या दगडांवर पाणी टाकण्याचा मान मागू नका, मिळाला तर बादली उपडी करू नका. गोठलेल्या तळ्यात भोक पाडून लोक त्यात उतरतात, तेही बघून या. उतरायची सक्ती नाही. शिडीजवळ केस ओले करून, खांद्यावर टॉवेल टाकून फोटो काढता येतो. आईला हा फोटो परत आल्यावरच दाखवा.

३. उत्तरेकडे जा आणि आकाश हिरवं करा

लॅपलंड न पाहता परतलात तर तुमच्या चार महिन्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. स्पॅनिश मुलांनी ग्रुपवर टाकलेल्या सहलीत नाव द्या. रात्रीच्या गाडीने रोव्हानिएमीला पोचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे शहर बेचिराख केलं, आणि नंतर वास्तुविशारद आल्व्हार आल्तोने रेनडिअरच्या डोक्यासारखा आराखडा आखून ते पुन्हा उभं करायला घेतलं. हे वाक्य पाठ करा, कारण तुम्ही तिथे फक्त सांताचं गाव बघणार आहात. १९५० साली अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी एलिनॉर रूझवेल्ट येणार म्हणून आर्क्टिक वृत्तावर घाईघाईने एक लाकडी खोली उभारली गेली. पुढचा सगळा बाजार तिच्याभोवती वाढला. मोठे पाहुणे येणार म्हणून रातोरात काम उरकणं ही काही आपल्या महापालिकांचीच मिरास नाही, हे कळून बरं वाटेल. सांताला भेटायला पैसे पडत नाहीत. फोटोला पडतात. भेटा, हात मिळवा, मागच्या मागे निघा.

उत्तर ध्रुवीय प्रकाशाबद्दल एक व्यावसायिक गुपित: तो पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना फिकट राखाडी ढगासारखा दिसतो आणि फोनला हिरवागार. फोन नाइट मोडवर ठेवा, श्वास रोखा, वीसएक फोटो काढा. घरी 'डोळ्यांनी तर याहून भारी दिसतं' असं सांगा. ज्यांनी पाहिलाय ते गप्प बसतील, त्यांनीही हेच सांगितलेलं आहे.

४. ६ डिसेंबर साजरा करा

१९१७ साली याच दिवशी फिनलंडने रशियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. त्या संध्याकाळी लोक खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात आणि टीव्हीपुढे बसून राष्ट्राध्यक्ष पाहुण्यांशी हस्तांदोलन करताना बघतात. पाहुणे दीड-दोन हजार. एक येतो, हात मिळवतो, पुढे सरकतो, मग दुसरा. वर्षातले सर्वांत जास्त पाहिले जाणारे कार्यक्रम मोजले तर हा वरच्या क्रमांकात असतो.

कंटाळा येईल, पण उठू नका. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये स्टेजपुढच्या रांगेत तासभर उभं राहिलेल्या माणसाला हे कठीण जाऊ नये. इथे तर पाकीटही द्यावं लागत नाही. कोणाचा पोशाख कसा, यावर अधूनमधून मान हलवा. याच दिवशी घरून फोन येईल की चैत्यभूमीच्या गर्दीमुळे दादरला उतरणं अवघड आहे. दोन्हीकडच्या ६ डिसेंबरवर एक गंभीर पोस्ट लिहिता येईल. लिहू नका. ती लिहायला वाचन लागतं, आणि तुमच्याकडे तीन आठवडे आहेत.

५. अभ्यासाचंही काही बघा

तुमच्याकडे पाच-पाच क्रेडिटचे तीन विषय आणि दोन क्रेडिटचा 'सर्व्हायव्हल फिनिश' आहे. एक क्रेडिट म्हणजे सुमारे सत्तावीस तासांचं काम, अर्थात एका विषयाला एकशे पस्तीस. हा हिशेब आता करू नका, झोप उडेल.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये फिन विद्यार्थी आपला वाटा न बोलता, मुदतीच्या आठवडाभर आधी पूर्ण करून ठेवतात. तुम्ही प्रेझेंटेशन देण्याची जबाबदारी घ्या. बोलण्याचं काम तिथे कोणालाच नको असतं. नापास झालात तर पुन्हा परीक्षेला बसता येतं आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. आपल्याकडे याच सोयीला केटी म्हणतात आणि तिची बातमी निकालाच्या संध्याकाळी मामेबहिणीपर्यंत पोचते. अडचण एवढीच की फेरपरीक्षा जानेवारीत असते. म्हणून पहिल्याच वेळी पास व्हा; ही या मार्गदर्शिकेतली एकमेव प्रामाणिक सूचना आहे.

६. तेवीस किलोंत नातेवाईक बसवा

आधी यादी करा: मामा दोन, मावश्या तीन, आत्या, सोसायटीचे सेक्रेटरी, शिफारसपत्र देणाऱ्या मॅडम, आणि 'मला काही आणू नकोस हं' म्हणालेल्या काकू. काकूंना सर्वांत मोठं.

मारिमेक्को या फिनिश ब्रँडचं कापड घेण्याचा विचार सोडा. माइया इसोलाने १९६४ साली काढलेली ती प्रसिद्ध फुलं कागदी नॅपकिनवरही मिळतात. नॅपकिन घ्या, आणि कोणी त्याने हात पुसणार नाही याची काळजी घ्या. मूमिन या गोलमटोल कार्टून पात्रांचे मग जुन्या वस्तूंच्या बाजारात शोधा. कल्याणात त्या पात्रांना सगळे पाणघोडाच म्हणणार आहेत. निळ्या वेष्टनातलं फात्सरचं चॉकलेट सर्वांना चालतं.

आणि सल्मियाक्की विसरू नका. ही काळी गोळी ज्येष्ठमध आणि नवसागराची असते. होय, कल्हईवाला पातेल्याला लावतो तोच नवसागर. फिन मुलं ती आवडीने चघळतात. एक पाकीट त्या नातेवाइकासाठी राखून ठेवा, ज्याने निघताना विचारलं होतं, 'जर्मनीला नाही मिळालं का?'

७. खोली रिकामी करा

घराची किल्ली देण्याआधी खोली अशी साफ करायची असते की तुम्ही तिथे कधी राहिलाच नव्हता. शेगडी भिंतीपासून पुढे ओढून मागची जागा पुसा. तिथे तुम्हाला सप्टेंबरमधले वाटाणे भेटतील. पांढऱ्या ओट्यावरचा हळदीचा डाग निघत नाही. त्यावर वस्तू ठेवून फोटो काढणं हा उपाय नाही, ते येऊन बघतात. कचरा ओला, पुठ्ठा, काच, धातू, प्लास्टिक आणि उरलेला असा वेगळा करा. आधारवाडीचा डोंगर बघत वाढलेल्यांना हे सगळं एकाच पिशवीत भरायचा मोह होईल. आवरा.

रिकाम्या बाटल्या फेकू नका. सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकल्या की डब्याला पंधरा सेंट, मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीला चाळीस सेंट परत मिळतात. चाळीस सेंट म्हणजे चाळीस रुपयांच्या आसपास. हे समजल्यापासून तुम्ही पार्टीत बाटल्यांकडे ज्या नजरेने बघता, तिची चर्चा स्पॅनिश मुलांत झालेली आहे.

प्रेशर कुकर परत न्यायचा नाही. तो तुमचाही नव्हता. ताम्पेरेच्या हर्वान्ता भागातल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तो तुमच्या आधीच्या, त्याच्याही आधीच्या कोणीतरी ठेवलेला आहे. शिट्टी पुसून जागेवर ठेवा.

८. कल्याणला उतरा

डिसेंबरअखेर सगळी सोसायटी स्वेटर आणि कानटोपीत असेल. तुम्ही हाफ पँटमध्ये दूध आणायला जा. कोणी विचारलं तर 'वजा वीसमधून आलोय' म्हणा आणि थांबू नका. तिसऱ्या दिवशी सर्दी होईल. ती धुळीची आहे.

शेअर रिक्षात मागे तिघं आणि ड्रायव्हरच्या मांडीशेजारी तुम्ही, असे बसल्यावर 'तिकडे बस स्टॉपवर दोन माणसांत दोन मीटर अंतर असतं' हे सांगण्याचा मोह आवरा. ड्रायव्हर अजून एक घेईल. 'तिकडे ना...' ने सुरू होणारी वाक्यं पहिल्या आठवड्यात रोज तीन, दुसऱ्यात एक, पुढे सणासुदीला. गाड्यांवरून तर मुळीच बोलू नका. कल्याणला रेल्वे १ मे १८५४ रोजी आली. फिनलंडमधली पहिली गाडी हेलसिंकी ते हामेनलिन्ना धावली ती १८६२ साली. हे तुम्हाला माहीत नसेल, पण खिडकी वड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या निवृत्त रेल्वेकाकांना नक्की माहीत असतं.

९. शिक्षणतज्ज्ञ व्हा

हे पद तुम्ही मागायचं नाही, ते चालत येतं. पहिल्याच रविवारी कोणीतरी विचारेल, 'तिकडे मुलांना गृहपाठ नसतो म्हणे?' तुम्ही फिनलंडमधल्या एकाही प्राथमिक शाळेचं फाटक पाहिलेलं नाही. तुम्ही विद्यापीठाचं कॅन्टीन पाहिलंत. तरी मान हलवा. गृहपाठ असतो, फक्त कमी. मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात. २००० सालच्या पहिल्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत फिनिश मुलं वाचनात जगात पहिली आली, आणि २०२२ पर्यंत त्यांचेच गुण बरेच घसरले. यातलं शेवटचं वाक्य सांगू नका. लोकांना ते आवडत नाही. ज्यांनी पोराला तिसरीपासून तीन क्लास लावलेत, त्यांना दुसरीकडे कुठेतरी सगळं छान आहे एवढंच ऐकायचं असतं.

मग सत्कार होईल. तयार राहा: कल्याणात परदेशी शिकून आलेल्या कोणाचाही परिचय आनंदीबाई जोशींपासून सुरू होतो. इथेच १८६५ साली जन्मलेल्या, अठराव्या वर्षी, १८८३ साली, कलकत्त्याहून बोटीने निघालेल्या, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून डॉक्टरची पदवी घेतलेल्या आनंदीबाई. प्रास्ताविक करणारे हे सगळं सांगून 'तीच परंपरा पुढे नेणारे आपले...' म्हणतील आणि तुमचं नाव घेतील. तुमच्या खात्यात सतरा क्रेडिट आणि एक डझन नॅपकिन आहेत. या क्षणी श्रीफळाकडे बघावं, श्रोत्यांकडे बघू नये.

१०. पुढच्या तुकडीला मार्गदर्शन करा

जूनमध्ये डोंबिवलीचा एक मुलगा फोन करेल. त्याला अधिकाराने सांगा: 'पहिल्या आठवड्यापासून तिथल्या मुलांत मिसळ, भाषा शिक, भारतीयांच्या कोंडाळ्यात राहू नकोस, शेवटच्या तीन आठवड्यांवर काही ढकलू नकोस.' यातलं एकही तुम्ही केलेलं नाही, म्हणूनच ते तुम्हाला इतकं नेमकं सांगता येतंय. तो मनापासून 'हो दादा' म्हणेल. मग आवाज खाली आणून विचारेल, 'दादा, कुकर न्यावा लागेल का?'

नको म्हणा, आणि मजला सांगा.