दिवा लागला

गाडी घेतली तेव्हा ती ‘स्पोर्टी’ आहे, असं मला सांगण्यात आलं होतं. समोरून बघितली की शिकवणीची फी थकल्यासारखी रागावलेली दिसते. क्रॉसओव्हर म्हणतात तिला. म्हणजे ऐट जीपची आणि जीव साध्या मोटारीचा. शोरूमच्या पोस्टरवर ती बर्फाच्या कड्यावर उभी होती. बीडात ती आमच्या गल्लीत पाण्याच्या टाकीला खेटून उभी असते, आणि रोज दीड किलोमीटरवरच्या माझ्या शाळेत जाऊन येते. वाटेत सहा गतिरोधक. तिसरा गिअर मी शोरूमच्या माणसाच्या हातून एकदा पडलेला बघितला, तेवढाच.

सहाव्या महिन्यात समोरच्या काट्यांशेजारी पिवळा दिवा लागला. डबीत ठिपके, असं चित्र.

“साबुदाणा दिसतोय,” बायको म्हणाली. “पण आज एकादशी नाही.”

चाचांच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी स्टिअरिंगखाली वायर खोचली, मोबाइलकडे बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं मला बाजूला घेतलं. “सर, पोट साफ होईना हिचं.”

मग समजलं ते असं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी असते. डीपीएफ तिचं नाव. काजळी तिथं अडकते आणि साठली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. पण त्याला सहाशे अंशांच्या आसपास धग लागते, आणि ती धग येते गाडी सलग दामटल्यावर. शाळा-घर, घर-शाळा करणाऱ्या गाडीला कुठली आलीय धग? बसून खाल्लं की कुणालाही बाधतं.

“औषध काय?”

“फिरवायची. हायवेला काढा, वीस-पंचवीस मिनिटं पळवा. मधी थांबायचं नाही.”

न थांबता वीस मिनिटं! सुभाष रोडवर वीस मिनिटांत मी दोन माजी विद्यार्थी आणि एक म्हैस एवढंच ओलांडू शकतो. तेव्हा राष्ट्रीय महामार्ग 52 गाठायचा आणि मांजरसुंब्यापर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं. तेही रात्री, जेवण झाल्यावर.

नवरा रात्री नऊला एकटाच बाहेर पडतो, दहाला येतो, अंगाला करपट वास, आणि कुठं गेला होता विचारलं तर म्हणतो, “काजळी जाळायला.” हे उत्तर जगातल्या कुठल्याही संसारात चालणार नाही. तिसऱ्या वेळी बायको शेजारी येऊन बसली. मांजरसुंब्यापर्यंत काही बोलली नाही. परतताना म्हणाली, “खरंच काही नाही हो तुमचं.” त्या वाक्यात सुटका किती आणि निराशा किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

एकदा जाळणं अर्ध्यावर आलं असताना मेंढरांचा कळप आडवा गेला. मेंढरांना डीपीएफ कसा समजावणार? असं दोन-चारदा झालं आणि एका रविवारी बघतो तर ऑइलची पातळी पट्टीवर खुणेच्या वर! लोकांच्या गाडीतलं ऑइल कमी होतं, आमच्या गाडीत वाढतंय. आईनं तर अक्षयपात्र म्हणून हात जोडले. चाचांनी कपाळाला हात लावला. काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल, काम अर्धवट राहिलं की, खाली ऑइलमध्ये उतरतं. ते वाढलेलं ऑइल नव्हतं, पातळ झालेलं होतं. सगळं काढून नवं भरलं. मग एक सेन्सर मागवावा लागला. नाव डिफरन्शियल प्रेशर सेन्सर. उच्चार करतानाच बिल वाढावं असं. तो पुण्याहून यायला वेळ लागला, पण बीडला रेल्वे यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावं लागलं. वाट बघण्याचा सराव आहे आम्हाला.

खरी शोभा झाली ती घाटात. दिवाळी नुकतीच झालेली. निम्म्या चढावर गाडीनं हाय खाल्ली. पाय तळाला टेकला तरी काटा अडीच हजाराच्या पुढं जाईना. दुखणं वाढू नये म्हणून गाडी स्वतःच जोर आवरते म्हणे. मागून एक ट्रक आला. ऊसतोडीला निघालेला. त्यात माणसं, हंडे-कळश्या, सरपण, दोन शेळ्या, सहा महिन्यांचा संसार. घरघरत, काळा धूर सोडत तो माझ्या स्पोर्टी गाडीच्या पुढं गेला. मागच्या फळीला धरून उभ्या पोरानं मला टाटा केला. ही माणसं जो ऊस तोडणार, त्याच्यापासूनही इथेनॉल होतं आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळतं. त्यामुळे अ‍ॅव्हरेज घटलं म्हणून माझा मेव्हणा दर रविवारी कुरकुरतो. त्या पोराला हे कुणी सांगितलं नसावं. मीही नुसता हात हलवला.

त्या घाटावरून एका ठिकाणी मला नवा टर्बो बसवायला सांगितलं. आकडा ऐकून मी उभ्या उभ्या शाळेत परत गेलो. चाचांनी बॅटरी लावून आत बघितलं. टर्बोच्या हवेच्या पाइपाची क्लिप ढिली झाली होती. हवा गळत होती. क्लिप बदलली, चहा झाला, पैसे चहाचेच घेतले.

आता गल्लीला माझं वेळापत्रक पाठ आहे. “सर, मांजरसुंब्याला कधी?” म्हणत कुणी नेकनूरच्या पाहुण्यांसाठी पिशवी देतं, कुणाला कपिलधारच्या फाट्यावर उतरायचं असतं. गाडीत सध्या काजळीपेक्षा सामानच जास्त साठतं. मावशी चौसाळ्याला असते. तिच्यासाठी आईनं शेवयांचा डबा बांधून ठेवलाय. सांजवेळी तुळशीपुढं निरांजन लावून ती दारात येते, गाडीकडं बघते आणि काळजीनं विचारते,

“का रे, अजून दिवा लागला नाही का?”