४६ किलोंचा अर्थसंकल्प

अमेरिकेत शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याने सामान भरायला बसण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी : बॅग त्याची नाही. तिकीट त्याच्या नावावर, व्हिसा त्याच्या पासपोर्टवर, शैक्षणिक कर्जही त्याच्याच डोक्यावर; पण २३ किलोंच्या त्या दोन बॅगांवर सत्ता चालते घराची. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत भारतातून गेलेले ३,६३,०१९ विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. इतकी मुलं जाऊन, राहून, फोनवरून सगळं सांगून झाल्यावर एव्हाना बॅग हलकी व्हायला हवी होती. ती झालेली नाही. म्हणजे ती गरज बघून भरलीच जात नाही. घरातल्या प्रत्येकाची काळजी किलोत मोजून तिथे जमा होते. हे एकदा मान्य केलं की पॅकिंग फारसं अवघड नाही.

पुरावे हवेत? अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत निघालेल्या मुलाची बॅग बघा. टेंपी या गावी ऑगस्टमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो, आणि बॅगेत दोन स्वेटर, एक कानटोपी आणि लोकरीचे मोजे असतात, कारण अमेरिकेत थंडी असते हे घरात ठरलेलं आहे. बफेलोला निघालेल्याच्या बॅगेतही नेमकं तेवढंच असतं, जे तिथल्या बर्फात नोव्हेंबरलाही पुरत नाही. दुसरा पुरावा कुकरचा. एका घरात राहणार असलेली चार मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढून कोणी काय आणायचं याची रीतसर वाटणी करतात. प्रत्यक्षात त्या स्वयंपाकघरात चार कुकर पोचतात, प्रत्येकात जादा शिट्टी, जादा गॅस्केट आणि जागा वाया जाऊ नये म्हणून कोंबलेले बनियन. डाव एकही नसतो. ठराव मुलांनी केलेला असतो, नकाराधिकार चार आयांकडे असतो. तिसरा आणि सर्वात भक्कम पुरावा विमानतळावर मिळतो. काउंटरवर वजन दीड किलो जास्त भरतं, बॅग फरशीवर उघडली जाते, आणि बाहेर काय येतं? अभ्यासाची पुस्तकं येतात. जाडजूड जॅकेट येतं आणि मुंबईच्या ऑगस्टमधल्या दमटात ते अंगावर चढवलं जातं. तीन पिशव्यांत बांधून, वर चिकटपट्टीचे वेढे देऊन डब्यात बसवलेला गोडा मसाला जागचा हलत नाही.

यावर अमेरिकेहून परतलेला मामा हटकून म्हणतो, ‘काही नेऊ नका, तिथे सगळं मिळतं.’ मामाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. शिकागोत पटेल ब्रदर्सचं दुकान १९७४ साली सुरू झालं. आज त्या साखळीत पोहे, कोकम, तूरडाळ सगळं मिळतं आणि चितळ्यांची बाकरवडीही परदेशातल्या भारतीय दुकानांत दिसते. पण मामाचा हा युक्तिवाद आमच्याच बाजूचा आहे. खरी अडचण होती आनंदीबाई जोशींना. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून त्या न्यूयॉर्कला उतरल्या ४ जूनला. घरून काही मागवावं तर ते येईपर्यंत ऋतू बदलायचा. साडी आणि शाकाहार सांभाळत, प्रकृती साथ देत नसताना, फिलाडेल्फियाचे हिवाळे काढून त्यांनी १८८६ साली डॉक्टरची पदवी मिळवली. मेतकुटाचा डबा कुणाला न्यावा लागला असेल, तर तो त्यांना. आजच्या विद्यार्थ्याच्या खोलीपासून मेतकूट मोटारीने वीस मिनिटांवर असतं, तरी डबा निघतोच. गरज संपूनही प्रथा टिकली, म्हणजे तिचं कारण गरज नव्हतं, हे मामालाही पटायला हरकत नाही. (मामा स्वतः गेला तेव्हा त्याच्या बॅगेत काय होतं, ते आजीला विचारावं.)

तेव्हा कृती अशी. ४६ किलो हा अर्थसंकल्प समजावा आणि त्यातला मोठा हिस्सा सुरुवातीलाच घराच्या नावे लिहून टाकावा. आईला खाद्यखातं द्यावं, आजीला देवघर आणि औषधी काढे. बाबांना जादा चष्मा, प्लगचे अ‍ॅडॅप्टर आणि पेचकस यांचं खातं द्यावं, मात्र मिक्सरला त्यांची मंजुरी घ्यायला विसरू नये : अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा, तो तिथे नुसता कण्हेल. वाद घालायचा तो फक्त कायद्याच्या कलमांवर. ताजी फळं आणि कढीलिंबाची पानं चालत नाहीत. हापूसला अमेरिकेची दारं २००७ साली उघडली ती लासलगावच्या केंद्रात विकिरण करून रीतसर गेलेल्या पेट्यांना. काकूने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेल्या सहा फळांना नाही. खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने तांदूळ आणि हरभरेही २०२१ पासून प्रवाशाच्या सामानात बंद आहेत. बाकीच्या डब्यांबद्दल विचारलं, तर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगावं. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर एखादी पिशवी जाते. ‘घरचंच आहे’ हे उत्तर आपल्याकडे सगळीकडे चालतं, तिथल्या कस्टम्सला चालत नाही. म्हणून पिठांवर इंग्रजीत चिठ्ठ्या लावाव्यात. भाजणी, आंबोळीचं पीठ आणि कुळथाचं पीठ रांगेने मांडली, की अधिकाऱ्याला ती तिन्ही एकाच गुन्ह्याचे पुरावे वाटू शकतात.

एक खातं मात्र कुणालाही देऊ नये : हातातली बॅग. विद्यापीठाचा आय-२० फॉर्म, प्रवेशपत्र, बँकेची कागदपत्रं, लसीकरणाची नोंद, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधं आणि कपड्यांचा एक जोड हे सगळं डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. मोठी बॅग वेगळ्या वाटेने जाते आणि वेगळ्या वाटेचा भरवसा नसतो. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर भारतात परतले तेव्हा त्यांचं सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती. महायुद्ध चालू होतं, त्या बोटीला टॉर्पेडो लागला आणि सगळं समुद्रात गेलं. आता टॉर्पेडोची भीती नाही, पण फ्रँकफर्टला दीड तासाचं कनेक्शन असतं.

राहिला शेवटचा आक्षेप : मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहणार असेल, तर बॅगही तिनेच भरायला नको का? जरूर भरावी. तत्त्व उत्तम आहे, अडचण अंमलबजावणीची आहे. स्वावलंबनासाठी बॅग हे क्षेत्र निवडणंच चुकीचं. त्याऐवजी निघण्याआधीचे पंधरा दिवस रोज कुकर लावावा, फोडणी करावी, धुराचा अलार्म न वाजवता ती कशी करायची याचाही अंदाज घ्यावा, कारण अमेरिकेतल्या घरांत तो अलार्म असतोच आणि मोहरी तडतडली की तो बोंबलतो. या शिक्षणाला विमानकंपनी वजन लावत नाही. ज्यांना तरीही स्वतःच बॅग भरायची आहे, त्यांनी ती रात्री अकराला भरून, तोलून, कुलूप लावून ठेवावी. सकाळी ती आठशे ग्रॅमने वाढलेली असेल आणि कडेच्या कप्प्यात बेसनाचे लाडू असतील. कुलूप अमेरिकी विमानतळावरच्या टीएसएवाल्यांना उघडता येईल अशा जातीचंच घ्यावं; घरच्यांना कुठलंही उघडता येतं.